टाळ्या दोन्हीकडून

१६ मार्च १९७४ची रात्र. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, नॅशव्हिल शहराच्या बाहेर, एका कोऱ्या करकरीत नाट्यगृहाचं उद्घाटन चाललंय. 'ग्रँड ओल ऑप्री' हा कंट्री संगीताचा रेडिओ कार्यक्रम १९२५ पासून चालत आलेला. कालपर्यंत तो गावातल्या जुन्या रायमन सभागृहात व्हायचा, आज त्याचं बिऱ्हाड इथे हललंय. आणि रंगमंचावर, फिडल आणि गिटारवाल्यांच्या घोळक्यात, चक्क राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन उभे आहेत. वॉटरगेट प्रकरण गळ्याशी आलंय. जेमतेम पंधरवड्यापूर्वी त्यांच्या आतल्या गोटातल्या माणसांवर आरोप ठेवले गेलेत. अशा वेळी या गृहस्थांच्या हातात काय असावं? यो-यो!

ऑप्रीचा बुजुर्ग गायक रॉय अकफ यो-यो फिरवण्यात पटाईत होता. गाता गाता तो फिडलचा गजही नाकावर उभा करून दाखवायचा. निक्सन साहेबांचा यो-यो मात्र खाली गेला तो तिथेच लोंबकळत राहिला. लोक पोट धरून हसले. साहेबांनी अकफला सांगितलं की मी इथे थांबून हे शिकतो, तुम्ही वॉशिंग्टनला जाऊन अध्यक्षपद सांभाळा. मग ते पियानोवर बसले, बायकोचा वाढदिवस होता म्हणून वाढदिवसाचं गाणं वाजवलं, आणखी दोन-तीन गाणी वाजवली, टाळ्या घेतल्या. ऑगस्टमध्ये त्यांनी राजीनामा दिला.

मला या प्रसंगाचं नवल वाटतं ते निक्सनमुळे नाही. राजकारणी माणूस टाळ्या मिळतील तिथे जाणारच. नवल त्या रंगमंचाचं आहे. कंट्रीवाल्यांचं जुनं पालुपद असं की बाबांनो, आमच्यात राजकारण आणू नका. दिवसभर राबून आलेल्या माणसाला दोन घटका प्रेमाचं, दारूचं, आईचं आणि आगगाडीचं गाणं ऐकू द्या. आणि त्याच संगीतानं अमेरिकेला गव्हर्नर दिले, सिनेटर दिले, निवडणुकीत सपाटून आपटलेले उमेदवार दिले. पुढचा दरवाजा बंद आहे म्हणायचं आणि मागच्या दारानं अख्खी वरात आत घ्यायची, असा सगळा मामला. त्या मागच्या दाराची किल्ली म्हणजे विनोद.

खुद्द अकफचंच बघा. १९४३ मध्ये ऑप्रीचा कार्यक्रम देशभर ऐकवला जाणार म्हणून टेनेसीच्या गव्हर्नरांना सन्मानानं आमंत्रण गेलं. ते प्रेंटिस कूपर. त्यांनी नाक मुरडलं. हा अकफ आमच्या नॅशव्हिलला 'हिलबिलीं'ची, म्हणजे डोंगरातल्या अडाण्यांची, राजधानी बनवतोय, असं त्यांचं म्हणणं. मग एका बातमीदारानं अकफला सुचवलं, की तूच का उभा राहत नाहीस? ही थट्टा होती, आणि अकफनंही ती थट्टेवारीच नेली. पण पाच वर्षांनी, १९४८ मध्ये, तो खरोखर रिपब्लिकन पक्षाचा गव्हर्नरपदाचा उमेदवार होता. हरला. पण थट्टेतून उमेदवारी निघते हे सिद्ध झालं.

हरण्याचं त्याला फार दुःख झालं नसावं, कारण इतर राज्यांत काय चाललंय ते त्याला माहीत होतं. टेक्ससमध्ये विल्बर्ट ली ओडॅनियल नावाचा पिठाचा विक्रेता होता. फोर्ट वर्थच्या बरस मिलचं 'लाइट क्रस्ट' पीठ खपवायचं म्हणून रेडिओवर एक वाद्यवृंद ठेवलेला, त्याचं नाव 'लाइट क्रस्ट डोबॉइज', आणि त्यात बॉब विल्ससारखा पुढे गाजलेला फिडलवादक. ओडॅनियलला सुरुवातीला हे गावंढळ संगीत अजिबात आवडत नव्हतं. त्यानं कार्यक्रम बंदसुद्धा करून टाकला होता. मग पीठ खपतंय म्हटल्यावर तो स्वतःच निवेदक झाला. गाण्यांच्या मध्ये तो गोड आवाजात आईबद्दल बोलायचा, देवाबद्दल बोलायचा, विनोद करायचा, स्वतः रचलेल्या कविता म्हणायचा. १९३५ मध्ये त्यानं स्वतःचीच पिठाची कंपनी काढली आणि नाव ठेवलं 'हिलबिली फ्लॉवर'. जी शिवी होती तिचाच ब्रँड!

१९३८ मध्ये त्यानं श्रोत्यांना विचारलं, मी गव्हर्नरपदासाठी उभा राहू का? चोपन्न हजारांहून जास्त पत्रं 'हो' म्हणून आली, असं त्यानं जाहीर केलं. चौघांनी म्हणे नको लिहिलं, कारण ते पद त्याच्या योग्यतेचं नव्हतं. ओडॅनियल बँड घेऊन गावोगाव हिंडला. जाहीरनामा काय, तर बायबलमधल्या दहा आज्ञा, आणि म्हाताऱ्यांना महिना तीस डॉलर पेन्शन. वर्गणी गोळा करायला गर्दीतून पिठाची छोटी पिंपं फिरायची. समोर बारा उमेदवार, त्यात मुरलेले राजकारणी. डेमोक्रॅटिक प्रायमरी, म्हणजे पक्षातली उमेदवार-निवड, हीच खरी निवडणूक अशी तेव्हाच्या टेक्ससची स्थिती, आणि त्या प्रायमरीत ओडॅनियलनं पहिल्याच फेरीत सगळ्यांना मिळून झोपवलं. स्वतःला मत मात्र तो देऊ शकला नाही, कारण मतदारांना तेव्हा भरावा लागणारा कर त्यानं भरलेलाच नव्हता. १९४१ मध्ये सिनेटच्या निवडणुकीत त्यानं १,३११ मतांनी हरवलं ते लिंडन जॉन्सन नावाच्या तरुण खासदाराला, पुढच्या राष्ट्राध्यक्षाला. (त्या मतमोजणीत उशिरा आलेल्या आकड्यांबद्दल इतिहासकार अजूनही बोटं मोडतात.) कोएन बंधूंच्या 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' या २००० सालच्या चित्रपटात रेडिओवाल्या गव्हर्नरचं नाव पॅपी ओडॅनियल आहे. राज्य मात्र टेक्ससचं मिसिसिपी केलंय. खरा ओडॅनियल तीस डॉलरचं वचन अर्थातच पूर्ण करू शकला नाही. म्हणजे गाणं संपल्यावर तो बाकीच्यांसारखाच निघाला.

लुइझियानात जिमी डेव्हिसची तऱ्हा वेगळी. 'यू आर माय सनशाइन' हे जगभर आळवलं गेलेलं गाणं त्याच्या नावावर ओळखलं जातं. पण तरुणपणी त्यानं चावट ब्लूज गाणी ध्वनिमुद्रित केली होती, अगदी चावट. १९४४च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत विरोधकांना वाटलं, सापडला! त्यांनी सभांमध्ये त्या तबकड्या लावल्या. सांगतात असं, की लोकांनी लाजून माना खाली घालण्याऐवजी नाचायला सुरुवात केली. ही कथा थोडी तिखटमीठ लावलेली असेलही. पण डेव्हिस निवडून आला हे खरं, आणि १९६० मध्ये दुसऱ्यांदा आला हेही खरं. 'सनशाइन' नावाचा घोडा घेऊन तो विधानभवनाच्या पायऱ्या चढला होता, त्याची छायाचित्रं आहेत.

आयडाहोच्या ग्लेन टेलरला तर मी विसरूच शकत नाही. हा फिरत्या नाटक मंडळीतला बँजोवाला. तीनदा निवडणूक हरला. मग डोक्यावरच्या टकलाचा बंदोबस्त म्हणून त्यानं घरच्या घरी टोप बनवला आणि १९४४ मध्ये तो घालून सिनेटवर निवडून आला! वॉशिंग्टनमध्ये भाड्यानं घर मिळेना, तेव्हा बायकामुलांसह कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर उभा राहून त्यानं एका जुन्या काउबॉय गाण्याच्या चालीवर घराची याचना गायली. वर्तमानपत्रांनी फोटो छापले. राजकारण सुटल्यावर त्यानं टोप बनवायचा कारखाना काढला.

इथपर्यंतचा विनोद सरळ आहे. गाणारा माणूस गंमत करतो, लोक हसतात, हसलेला माणूस मत देतो. पण कंट्री संगीताच्या विनोदाची खरी करामत याहून खोल आहे, आणि ती पाहायची तर एकाच गाण्याजवळ बसायला हवं. मर्ल हॅगर्डचं 'ओकी फ्रॉम मस्कोगी'. साल १९६९.

आधी हे गाणं कुणी लिहिलं ते बघू. हॅगर्डचे आईवडील ओक्लाहोमातले शेतकरी. तीसच्या दशकात दुष्काळानं, धुळीच्या वादळांनी आणि मंदीनं तिथल्या लाखो लोकांना कॅलिफोर्नियाकडे पळवलं, त्या लोंढ्यात हे कुटुंबही गेलं. कॅलिफोर्नियात या लोकांना 'ओकी' म्हणत, आणि ते प्रेमानं म्हणत नसत. वडलांनी रेल्वेचा एक टाकाऊ डबा घेऊन त्याचं घर केलं. १९३७ साली जन्मलेला मर्ल बेकर्सफील्डजवळच्या त्या डब्यात वाढला. नऊ वर्षांचा असताना वडील गेले. पोरगं वाया गेलं, चोऱ्यामाऱ्या करत शेवटी सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात पोचलं. तिथे कैद्यांसमोर गायला आलेल्या जॉनी कॅशला त्यानं ऐकलं. सुटल्यावर गायक झाला, आणि असा झाला की तुरुंगाची गाणी त्याच्यासारखी कुणी गायली नाहीत.

१९६९. व्हिएतनाम युद्ध ऐन भरात. विद्यापीठांत निदर्शनं, तरुण पोरं सैन्यभरतीची कार्डं जाळताहेत, लांब केस, गळ्यात मणी, गांजा, एलएसडी. हॅगर्डची बस ओक्लाहोमातून चाललेली. रस्त्याकडेला पाटी दिसली, मस्कोगी. बसमध्ये कुणीतरी म्हणालं, इथले लोक गांजा ओढत नसतील बरं का! सगळे हसले. हॅगर्ड आणि त्याचा ड्रमवादक रॉय एडवर्ड बरिस यांनी त्याच हसण्याच्या भरात एकेक ओळ जोडत नेली. ही झाली एक हकीकत. हॅगर्डनं पुढे दुसरीही सांगितली. ती अशी, की मस्कोगीची पाटी पाहिली आणि लहानपणी घरात 'आपल्या गावाकडं' म्हणून ज्या मुलखाबद्दल बोललं जायचं तो सगळा डोळ्यांपुढे आला. वाटलं, आज वडील असते तर या पोरांची थेरं बघून काय म्हणाले असते? एका हकिकतीत टवाळी आहे, दुसरीत पितृऋण. दोन्ही त्याच गाण्याच्या, दोन्ही त्याच माणसाच्या आसपासच्या.

गाणं तीन मिनिटांचंही नाही. चाल इतकी सोपी की गिटार कालपरवा हातात घेतलेल्यालाही वाजवता यावी. त्यात मस्कोगीचा रहिवासी आपल्या गावाची महती सांगतो. आम्ही काय काय करत नाही त्याची यादी: गांजा नाही, एलएसडी नाही, कार्ड जाळणं नाही, केस वाढवणं नाही. मग काय करतो त्याची: कोर्टाच्या इमारतीवर झेंडा फडकतो, पोरं फुटबॉल खेळतात, कॉलेजच्या डीनला मान देतात. पायात चामड्याचे बूट, सँडल नव्हेत.

आणि या शिस्तप्रिय यादीच्या मधोमध, अगदी भोळेपणानं, हा गृहस्थ सांगून जातो की आमच्याकडे अजूनही सगळ्यात मोठी चैन म्हणजे हातभट्टी.

इथे थांबा जरा. हातभट्टी म्हणजे बेकायदा. ओक्लाहोमा १९०७ साली राज्य म्हणून जन्माला आलं तेच दारूबंदी घेऊन, आणि ती बंदी उठली १९५९ मध्ये, म्हणजे हे गाणं आलं त्याच्या फक्त दहा वर्षं आधी. तोवर मस्कोगीच्या सभ्य माणसाला कडक दारूनं घसा ओला करायचा तर कायदा मोडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मग आमच्या गावात कायदा पाळतात म्हणून छाती फुगवणारा हा माणूस एका श्वासात गांजाला शिव्या देतोय आणि दुसऱ्या श्वासात स्वतःच्या बेकायदा नशेची टिमकी वाजवतोय. हे लिहिणाऱ्याला कळत नव्हतं? ज्यानं तुरुंगाची हवा खाल्ली त्याला कायदा कशाला म्हणतात हे कळत नव्हतं? शक्य नाही. पण गाताना चेहऱ्यावरची सुरकुतीही हलत नाही. डोळा मारणं नाही, आवाजात खोच नाही. सोंगाड्या बतावणीत पुढाऱ्याची टोपी उडवतो तेव्हा निदान प्रेक्षकांकडे एक नजर टाकतो; हॅगर्ड तेवढीही टाकत नाही.

कंट्री गाण्याची ही जुनी विद्या आहे. गाणारा स्वतःच्या नावानं बोलत नाही, एक पात्र उभं करतो आणि त्या पात्राच्या तोंडून 'मी' म्हणतो. सोडून गेलेल्या बायकोसाठी रडणारा गायक घरी सुखानं नांदत असतो, आणि ट्रकचालकाचं गाणं गाणाऱ्यानं ट्रक चालवलेला असेलच असं नाही. हार्लन हॉवर्ड या गीतकारानं कंट्रीची व्याख्या 'तीन कॉर्ड आणि सत्य' अशी केली, ती सगळे मान डोलावून सांगतात. पण सत्य कुणाचं, हे गाण्यात कुठंच लिहिलेलं नसतं. ते ऐकणाऱ्यावर सोडलेलं असतं. नर्मविनोदी गाण्यात तर ही मोकळीक दुप्पट होते. पात्राला हसायचं की पात्राबरोबर हसायचं, निवड तुमची.

मग काय झालं? हॅगर्ड सांगत असे, की त्यानं हे गाणं पहिल्यांदा फोर्ट ब्रॅगच्या लष्करी तळावर म्हटलं. सैनिक उठून अंगावर आले. क्षणभर त्याला वाटलं मार पडणार. ते पुन्हा म्हण, पुन्हा म्हण म्हणत होते. १० ऑक्टोबरला खुद्द मस्कोगीत कार्यक्रम झाला, तो ध्वनिमुद्रित आहे. ऐका: ओळ संपायच्या आत आरोळ्या उठतात, आणि त्या हसण्याच्या नाहीत, विजयाच्या आहेत. ज्या शब्दानं बापाला हिणवलं गेलं तो शब्द पोरगा मंचावरून अभिमानानं गातोय, आणि समोरचे हजारो लोक आयुष्यात प्रथमच गाण्यात आपलं नाव ऐकताहेत. त्यात कुठली टवाळी ऐकू येणार? ३ नोव्हेंबरला निक्सननी दूरचित्रवाणीवरून 'मूक बहुसंख्यां'ना साद घातली, आणि त्याच महिन्यात 'ओकी' कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन चार आठवडे बसलं. मूक बहुसंख्यांना कंठ फुटला होता, तोही एका गमतीच्या गाण्यानं.

पण दुसरीकडे काय? २७ एप्रिल १९७१, न्यूयॉर्कचं फिलमोर ईस्ट. केसाळ, धुरात बुडालेले श्रोते. मंचावर ग्रेटफुल डेड, म्हणजे हिप्पींचं कुलदैवतच, आणि त्यांच्या सोबतीला पाहुणे म्हणून आलेले बीच बॉइज. दोघांनी मिळून वाजवलं काय, तर 'ओकी फ्रॉम मस्कोगी'. एकही ओळ न बदलता गाणं उलटं झालं. ज्यांना ते टोचायला निघालं होतं तेच ते गात होते, हसत होते, टाळ्या देत होते.

माझ्या मते अमेरिकन लोकगीतांच्या इतिहासातला हा सर्वांत अजब प्रयोग आहे, आणि तो कुणी ठरवून केलेला नाही.

सत्तेला अशा गाण्याचा मोह न पडता तर नवल. १७ एप्रिल १९७०ला जॉनी कॅशचा कार्यक्रम व्हाइट हाउसमध्ये ठरला, तेव्हा निक्सनच्या कार्यालयानं फर्माइश कळवली: 'ओकी' म्हणा, आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्यांची टर उडवणारं 'वेल्फेअर कॅडिलॅक' म्हणा. दोन्ही कॅशची नव्हेत. त्यानं ती म्हटली नाहीत. तरुणांची बाजू घेणारं स्वतःचं नवं गाणं म्हटलं. निक्सननी ओळख करून देताना हसत मान्य केलं की जॉनी कॅशला काय गायचं ते सांगता येत नाही. कॅश पुढे म्हणाला, त्यात बंडबिंड काही नव्हतं, ती गाणी मला येत नव्हती इतकंच. मला हे उत्तर फार आवडतं. नकारही दिला आणि हातात काठीही दिसू दिली नाही.

तीन वर्षांनी, १७ मार्च १९७३ला, खुद्द हॅगर्ड तिथे गायला. निक्सनचे मुख्य सहायक बॉब हॉल्डमन यांनी रोजनिशीत नोंदवलंय की कार्यक्रम पडला, कारण जमलेल्या पाहुण्यांना कंट्री संगीताची गोडीच नव्हती. अपवाद एकच, 'ओकी', त्यावर मात्र सगळे खूश. म्हणजे ज्यांना ना फिडल कळत होतं ना गिटार, त्यांना एवढं एकच गाणं बरोबर कळलं! किंवा आपल्याला कळलं असं वाटलं.

हॅगर्डचं काय? यशाच्या लाटेवर त्याला पुढचं गाणं म्हणून 'इर्मा जॅक्सन' आणायचं होतं: गोऱ्या तरुणाचं काळ्या मुलीवर प्रेम. कंपनीनं नकार दिला. आली ती 'द फायटिन साइड ऑफ मी' ही तबकडी, देशाला नावं ठेवणाऱ्यांना दम देणारी. तिच्यात विनोद नाही, म्हणून दोन अर्थही नाहीत, आणि म्हणून तिला फिलमोर ईस्टमध्ये कुणी हात लावला नाही. 'इर्मा जॅक्सन' १९७२ मध्ये अल्बममधून हळूच बाहेर आली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी हॅगर्डच्या जुन्या गुन्ह्यांना माफी दिली.

अशा लोकप्रिय गाण्याची विडंबनं निघणार हे उघड होतं. एक तर टेक्ससच्या किंकी फ्रीडमननं १९७६ मध्ये गायलं. मस्कोगीच्या जागी त्यात एल पासो शहर आहे, आणि शीर्षक या पानावर छापण्याजोगं नाही. हा फ्रीडमन म्हणजे वल्ली. ज्यू घरातला मुलगा, काउबॉय हॅट, तोंडात सिगार, बोर्निओत 'पीस कोअर' या अमेरिकी स्वयंसेवक योजनेचं काम करून आलेला, पुढे रहस्यकथा लिहिणारा. त्याच्या बँडच्या नावातच ज्यूंना दिली जाणारी शिवी होती. पिठाच्या गोणीवर 'हिलबिली' छापणाऱ्या ओडॅनियलची ही थेट परंपरा: लोक जे म्हणून हिणवतात ते आपणच मोठ्यांदा म्हणायचं.

२००६ मध्ये हा इसम टेक्ससच्या गव्हर्नरपदासाठी अपक्ष उभा राहिला. घोषणा अशी की, 'का नाही म्हणे?' आणि दुसरी, 'असं अवघड ते काय असणार?' राजकारण्यांपेक्षा गाणारे लोक राज्य बरं चालवतील, असं तो सांगायचा. सकाळच्या वेळी आमच्याकडून फारसं काम होणार नाही, पण रात्री उशिरापर्यंत बसू आणि प्रामाणिक राहू. अपक्षाला उमेदवारीसाठी पंचेचाळीस हजारांवर सह्या लागत होत्या, त्यानं त्याच्या कितीतरी पट जास्त आणून दिल्या. मतपत्रिकेवर 'किंकी' हे टोपणनाव छापायला परवानगी मिळाली. दुसऱ्या एका उमेदवार बाईंनी 'आजी' असं छापून मागितलं होतं, ते नाकारलं गेलं. ती घोषणा आहे, नाव नव्हे, असा निवाडा झाला. निकालात फ्रीडमनला सुमारे साडेबारा टक्के मतं, म्हणजे साडेपाच लाखांच्या आसपास माणसं. निवडून आले रिक पेरी, अवघ्या ३९ टक्क्यांवर. साडेपाच लाख लोकांनी गंमत म्हणून मत दिलं की रागानं, याचा हिशेब मांडणं कठीण, कारण त्या उमेदवारीची रचनाच 'ओकी'सारखी होती.

विनोदाच्या आड नेहमी निवडणूकच असते असं नाही. १९७५ मध्ये लोरेटा लिनचं 'द पिल' आलं. ही केंटकीतल्या खाणकामगाराची मुलगी, पंधराव्या वर्षी लग्न झालेली, विशी-बाविशीत चार मुलांची आई. गाण्यातली बायको नवऱ्याला सांगते की आता माझ्याकडे गर्भनिरोधक गोळी आहे, यापुढे वर्षाकाठी पाळणा हलणार नाही. आणि हे सगळं कोंबडी, खुराडं आणि अंडी उबवण्याच्या भाषेत, शेतावरच्या बाईनं शेतावरच्या बाईशी बोलावं तसं. तबकडी कंपनीनं ते तीन वर्षं दाबून ठेवलं होतं. आल्यावर कित्येक केंद्रांनी लावायला नकार दिला, चर्चमधून निषेध झाले, आणि तरी ते कंट्रीच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढलं. खेड्यापाड्यांतले डॉक्टर आपल्याला भेटून सांगत की सरकारी पत्रकांनी झालं नाही ते या गाण्यानं केलं, असं लोरेटा सांगायची. पटतं. पत्रक वाचून कोण हसतं?

आणि विनोदाचा, पात्राचा आडोसा नसला तर काय होतं, तेही एकदा दिसलं. १० मार्च २००३, लंडन. इराक युद्ध दहा दिवसांवर आलेलं. 'डिक्सी चिक्स' या तेव्हाच्या अफाट लोकप्रिय कंट्री त्रयीतली नॅटली मेन्स दोन गाण्यांच्या मध्ये सहज म्हणून गेली की अमेरिकेचे अध्यक्ष आमच्याच टेक्ससचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. लंडनकर हसले, टाळ्या वाजल्या. अमेरिकेत बातमी पोचली आणि आकाश कोसळलं. त्यांचं सैनिकावरचं गाणं कंट्रीच्या यादीत पहिलं होतं, ते धाडकन खाली आलं. रेडिओ केंद्रांनी त्यांची सगळीच गाणी काढून टाकली. तबकड्यांवरून ट्रॅक्टर फिरवले गेले. वाक्य गाण्यात नव्हतं, पात्राच्या तोंडी नव्हतं, चालीत नव्हतं. ते तिचं स्वतःचं होतं, आणि त्याला एकच अर्थ होता. चार वर्षांनी त्यांना पाच ग्रॅमी मिळाले. कंट्री रेडिओनं मात्र तोंड फिरवलं ते फिरवलंच. त्या वावटळीत या बायकांच्या बाजूनं जाहीरपणे बोललेल्या थोड्या लोकांत एक जुना गायक होता. मर्ल हॅगर्ड. मूक बहुसंख्यांचा कंठ!

'ओकी' थट्टा होती की खरं, हा प्रश्न त्याला पुढची जवळजवळ पन्नास वर्षं विचारला गेला. एकदा म्हणाला, सुरुवात गमतीतच झाली. एकदा म्हणाला, मनापासून लिहिलं, वडलांसाठी. एकदा म्हणाला, तेव्हा मला अक्कल नव्हती, देशात काय चाललंय ते कळत नव्हतं. लोकांना वाटतं तो टाळाटाळ करत होता. मला नाही वाटत. तीनही उत्तरं खरी असतील तरच ते गाणं असं होऊ शकतं. नुसती टवाळी असती तर मस्कोगीच्या लोकांनी ती तिथल्या तिथे ओळखली असती. नुसता अभिमान असता तर हिप्पींनी गायलं नसतं. बापाच्या आठवणीनं गळा दाटलेला आणि त्याच वेळी हसू दाबलेला माणूसच ते तसं गाऊ शकतो. राजकीय गाणी लिहिणाऱ्यांनी निदान एवढ्यापुरतं हॅगर्डकडे शिकायला जावं.

ते गाणं तो शेवटपर्यंत गात राहिला. गांजाही बराच ओढला, आणि ते कधी लपवलं नाही. २० एप्रिल २०१५ला, म्हणजे गांजावाल्यांच्या सणाच्या दिवशी, त्याचं आणि विली नेल्सनचं एक युगुलगीत आलं, 'इट्स ऑल गोइंग टू पॉट'. सगळं रसातळाला चाललंय असाही त्याचा अर्थ, आणि सगळं गांजाकडे चाललंय असाही. चित्रफितीत दोघे म्हातारे स्टुडिओत बसून निवांत धूर सोडताहेत. पुढच्या वर्षी ६ एप्रिलला, आपल्या एकोणऐंशीव्या वाढदिवशी, हॅगर्ड वारला. २६ जून २०१८ला ओक्लाहोमा राज्यात सार्वमत झालं आणि मतदारांनी सुमारे ५७ टक्क्यांनी औषधी गांजा कायदेशीर केला.